शेतीविषयक प्रश्नोत्तरे: पाचट जाळावे की सरीत ठेवावे?

प्रश्न: कृष्णाकाठच्या आमच्या काळ्या जमिनीत को ८६०३२ जातीचा ऊस असतो. तोडणीनंतर पाचट (उसाचा वाळलेला पाला) पेटवून देण्याची आमची वडिलांपासूनची पद्धत आहे. मागील वर्षी ते न जाळता ठेवले, तर खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून, म्हणजे खुंटांतून, पुन्हा फुटलेले पीक) पिवळा पडला आणि पाटाचे पाणीही सरीत अडून राहिले. मग पाचट ठेवण्याचा आग्रह कशासाठी?
– एक वाचक, जि. सांगली

उत्तर: खोडवा पिवळा पडला तो पाचट ठेवल्यामुळे नव्हे, तर ते नुसतेच ठेवल्यामुळे. वाळलेल्या पाचटात कर्ब (कार्बन) भरपूर आणि नत्र (नायट्रोजन) जेमतेम अर्धा टक्का असते. ते कुजवणारे जिवाणू आपली नत्राची गरज जमिनीतून भागवतात आणि तेवढा काळ कोवळ्या फुटव्यांची उपासमार होते. म्हणूनच पाचटावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारे जिवाणू संवर्धन टाकण्याची शिफारस आहे. त्याआधी बुडख्यांवरचे पाचट सरीत ओढून बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटावेत. झाकलेल्या बुडख्यांतून फुटवे विरळ येतात.

पहिले पाणी हळू सरकणार, हे मात्र गृहीत धरावे. पाचट भिजून बसले की पुढे तेवढी अडचण येत नाही, शिवाय झाकलेल्या जमिनीतली ओल टिकून राहत असल्याने पाण्याच्या दोन पाळ्यांतील अंतर वाढवता येते. ठिबक असेल तर हा प्रश्न उद्भवतच नाही. आणि मोकाट पाण्याने आपल्याच भागातील जमिनी कशा क्षारपड झाल्या, हे आपण पाहतच असाल.

जाळल्याने शेत एका दिवसात मोकळे होते, ही सोय खरी. राखेतून पालाशही (पोटॅश) बराचसा जमिनीतच राहतो, पण नत्र आणि कर्ब धुराबरोबर जातात. हेक्टरी ८ ते १० टन पाचट धरले, तर हे नत्रच ४० ते ५० किलो भरते. तरीही पाचट ठेवले की रासायनिक खत बंद करता येते, या प्रचाराला भुलू नये; खोडव्याची नत्राची गरज याच्या कितीतरी पट असते आणि पाचटातले नत्र सावकाश सुटते. माती परीक्षणानुसार ठरलेली खताची मात्रा पहारीने भोक पाडून मुळांजवळ द्यावी.

मागील उसात काणी किंवा गवताळ वाढ हे रोग दिसले असतील, तर त्याचा खोडवा मुळातच ठेवू नये.