बफेलोच्या बर्फात वायपर: जानेवारीत येणाऱ्यांसाठी

तुम्ही विचारलंय की जानेवारीत पुण्याहून अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोला येताय, आल्या आल्या सेकंडहँड गाडी घेणार आहात, तर जोराच्या बर्फात वायपर टिकतात का आणि वेगळं काही घ्यावं लागतं का. हो, घ्यावं लागतं, आणि पहिल्याच आठवड्यात घ्या.

आधी हे लक्षात घ्या की बर्फ काढणं हे वायपरचं कामच नाही. ताम्हिणीत जुलैचा कितीही धो धो पाऊस असू दे, पाणी काचेवरून वाहून जातं. बर्फ जात नाही. तो बोनेटच्या कडेला दाबून बसतो, प्रत्येक फेरीला थोडा वाढतो, मग ब्लेडला खाली यायला जागाच उरत नाही आणि सगळा लोड मोटरवर येतो. म्हणून निघायच्या आधी ब्रशने काच, काचेखालची जाळी आणि छत, तिन्ही साफ करायचं. छताचं लोक टाळतात, पण आतल्या हीटरने तो थर खालून सुटतो आणि ब्रेक मारला की अख्खा काचेवर येतो, तो कुठलाच वायपर उचलू शकत नाही.

ब्लेड बघताना सांध्यांची लोखंडी फ्रेम असेल तर बदलून टाका. सांध्यात पाणी गोठलं की फ्रेम आखडते, रबर मध्येच काचेपासून सुटतं आणि नेमका तुमच्या डोळ्यांसमोरचा पट्टा पुसलाच जात नाही. सांधे नसलेलं बीम ब्लेड घ्या, नाहीतर रबरी कव्हरवालं विंटर ब्लेड. तरी ब्लेडवर बर्फाचा गोळा धरतोच, मग सुरक्षित जागी गाडी थांबवून ब्लेड उचलायचं आणि ग्लोव्हज घालून बोटांनी दाबत बर्फ फोडायचा.

सगळ्यात त्रासदायक बर्फ शून्य अंशाच्या आसपासचा, ओला आणि जड. तेव्हा डिफ्रॉस्ट (समोरच्या काचेवर येणारी हवा) फुल गरम ठेवायचा, एसी चालू आणि रीसर्क्युलेशन (आतलीच हवा फिरवणं) बंद, म्हणजे आतून धुकं धरत नाही. उणे पंधराच्या खाली मात्र बर्फ कोरडा, भुरभुरीत असतो, तो थंड काचेवरून वाऱ्यानेच उडून जातो. तिथे काच गरम केली तर तो वितळतो आणि ब्लेडवर जाऊन परत गोठतो, म्हणून आतून धुकं धरत नसेल तर हवा पायाकडे वळवायची.

वॉशर फ्लुइडच्या कॅनवर आकडा बघून घ्या, उणे २० फॅरनहाइट म्हणजे साधारण उणे २९ सेल्सियसवालं हवं. सेकंडहँड गाडीत आधीचं उन्हाळ्यातलं असू शकतं, ते टाकीत नाहीतर पाइपमध्ये गोठतं, म्हणून ते संपवून नवीन भरा आणि नवीन फ्लुइड नोझलमधून येईपर्यंत फवारा मारा. एक कॅन डिकीत कायम ठेवा, कारण रस्त्यावर मीठ टाकतात आणि पुढच्या ट्रकने उडवलेलं ते चिखलपाणी काचेवर वाळलं की समोर सगळं पांढरं दिसतं, नुसत्या वायपरने ते अजूनच फासलं जातं.

रात्री गाडी बंद करताना आधी वायपर बंद करा, मगच इंजिन. नाहीतर सकाळी चावी फिरवताच काचेला चिकटलेले ब्लेड ओढले जातात आणि रबर फाटतं, फ्यूज उडतो किंवा मोटर आणि वायपर जोडणारी आतली लिंकेज जाते. काचेवर गरम पाणी अजिबात ओतू नका, तडकते.

आणि लेक इफेक्टचं ऐकून ठेवा. थंड वारा इरी सरोवराच्या त्यामानाने कोमट पाण्यावरून येतो आणि एका अरुंद पट्ट्यात बर्फ ओततो, काही मैलांवर ऊन पडलेलं असतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये दक्षिणेकडच्या ऑर्चर्ड पार्क, हॅम्बर्ग भागात ६ फुटांच्या वर पडला होता. अशा पट्ट्यात कितीही महागडं ब्लेड असो, उपयोग नाही, ट्रॅव्हल बॅन, म्हणजे गाडी रस्त्यावर आणायला बंदी, लागला की घरीच थांबा. एरवी वायपर चालू असले की हेडलाइट लावा, न्यूयॉर्क राज्यात तो कायदाच आहे.

ड्रायव्हर आणि पॅसेंजर बाजूचे ब्लेड बऱ्याचदा वेगवेगळ्या लांबीचे असतात, त्यामुळे गाडी ठरली की मॉडेल आणि वर्ष कळवा, साइज बघून सांगतो.