जर्मनच्या ए२ ला (सुरुवातीच्या दुसऱ्या पातळीला) आहे. जर्मन गाणी ऐकून शब्द आणि व्याकरण सुधारतं का? क्लासचे सर नको म्हणतात. कोणती गाणी ऐकू?

सुधारतं. माझं तर शब्दांपेक्षा व्याकरणच जास्त सुधारलं. मुद्दाम लिहितेय, कारण 'गाणी ऐकून भाषा येत नाही' हे मीही पुण्यात भर वर्गात ऐकून घेतलंय.

आमचे सर तक्तेवाले. फळ्यावर डेअर-डेन-डेम-डेस (नामाआधीच्या आर्टिकलची विभक्तीनुसार रूपं), आणि आउस-बाय-मिट-नाख-झाइट-फॉन-त्सू (ज्यांच्यापुढे डाटिव विभक्ती येते ती शब्दयोगी अव्ययं) सगळ्यांनी ठेक्यात म्हणायचं. तक्ता पाठ होता, पण बोलायची वेळ आली की वाक्याच्या मध्येच थांबून मनातल्या मनात रकाने शोधावे लागायचे. अनेकवचनी डाटिवचा शेवटचा 'न' तर हमखास राहायचा.

त्याच सुमारास ड्युसेलडॉर्फच्या 'डी टोटेन होझेन' या बँडचं २०१२ चं गाणं हाती लागलं. शीर्षक 'टागे वी डीझे', आणि ध्रुवपदात तेच होतं 'आन टागेन वी डीझेन'. आपलं 'असे दिवस' आणि 'अशा दिवसांत', अगदी तसंच. मराठीतलं हे सामान्यरूप कोणी आपल्याला तक्ता देऊन शिकवलेलं नसतं, ते लहानपणापासून कानावर पडलेलं असतं. मी सगळं गाणं हाताने वहीत उतरवलं, डाटिवखाली निळी रेघ, आकुझाटिवखाली (कर्माच्या विभक्तीखाली) लाल. पहिलीच ओळ बघा: 'इश वार्ट झाइट वॉखेन आउफ डीझेन टाग'. झाइटपुढे डाटिव (वॉखेनला मुळातच 'न' आहे, म्हणून दिसत नाही), वार्टेनबरोबर (वाट बघणे) आउफ आणि त्यापुढे आकुझाटिव. क्रियापद साधं वर्तमानकाळी, कारण वाट बघणं अजून चालूच आहे. इंग्रजीतून विचार करणारे इथे परफेक्ट (पूर्ण काळ) घालतात. 'कितीतरी आठवड्यांपासून वाट बघतेय' असा मराठीतून विचार केला की आपोआप बरोबर येतं.

वर्गात बोलण्याच्या सरावात 'आन टागेन' हे रूप माझ्या तोंडून सहज निघालं. कुठून शिकलीस, विचारलं. गाण्यातून, म्हटलं. सर म्हणाले, "ही पोपटपंची झाली, याला व्याकरण म्हणत नाहीत." वर्ग हसला. मला ते आजही पटलेलं नाही. पोपटपंची असती तर तो 'न' फक्त त्या दिवसांनाच लागला असता. 'मिट डेन किंडर्न' (मुलांबरोबर), 'फॉन डेन लॉयटेन' (लोकांकडून) असा सगळीकडे कसा यायला लागला? ए२ नंतरच्या बी१ पातळीच्या तोंडी परीक्षेत मी रकाने न शोधता बोलले, ते त्या वहीच्या जोरावर.

दुसरं म्हणजे नेनाचं १९८३ चं 'नॉयनउंडनॉयन्त्सिग लुफ्टबालोन्स'. सुरुवातीलाच 'वेन' (जर) हा शब्द गाळून, क्रियापद पुढे आणून 'जर' कसं सांगतात ते कळतं. त्याच्या इंग्रजी आवृत्तीवरून अर्थ मात्र लावू नका, ते भाषांतर नाही. रॅप ए२ ला नकोच. रोज नवीन गाणं तर अजिबात नको. एकच धरा आणि तोंडपाठ होईपर्यंत सोडू नका.

हो, एक राहिलं. गाण्यात चालीसाठी शेवट कापतात, 'वार्टे'चं 'वार्ट' करतात. परीक्षेत पूर्ण लिहा. बहुतेक गाणी 'डू'मध्येच (तू) असतात, त्यामुळे 'झी' (आदरार्थी तुम्ही) लावून लिहायच्या औपचारिक पत्राला त्यांचा उपयोग नाही; तिथे नमुना पेपरच सोडवावे लागतील. नामांची लिंगंही नुसती ऐकून भरवशाने कळत नाहीत, शब्दकोशात बघून आर्टिकलसकट लिहा. आणि तक्ता टाकून देऊ नका, गाण्यात सापडलेलं रूप ताडून बघायला तो लागतोच.

राहिले तुमचे सर. आउस-बाय-मिट तेही ठेक्यातच म्हणून घेत असतील. मग गाण्याचंच एवढं वावडं का, हे त्यांना माझ्या वतीने जरूर विचारा.