जुनी मनगटी घड्याळं महागली आहेत, मग 25,000 रुपयांत काय आणि कसं घ्यावं?

आपल्या गटातल्या परभणीच्या एका सदस्याचा प्रश्न थोडक्यात असा: हाताशी 25,000 रुपये आहेत. घरात आजोबांचं बंद पडलेलं, वेस्ट एंड या स्विस कंपनीचं सोवार प्राइमा घड्याळ आहे. जोडीला एक एचएमटी आणि एक फेवर ल्यूबा (हीही जुनी स्विस कंपनी) घ्यायचंय, पण भाव ऐकून हात आखडतो. त्यात एकाने चकचकीत निळ्या डायलचं, फेवर ल्यूबाचंच सी किंग मॉडेल 4,500 रुपयांना देऊ केलंय, ते घ्यावं का?

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: निळं सी किंग घेऊ नका. आता कारणं.

भाव वाढले हे खरंच आहे. जानेवारी 2016 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली आणि कालपर्यंत कपाटात पडून असलेली जनता, पायलट, कांचन ही एचएमटीची मॉडेल्स लोक शोधायला लागले. 2017 च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या लिलावात हॉलिवूड अभिनेता पॉल न्यूमनचं रोलेक्स डेटोना 1 कोटी 77 लाख डॉलरच्या वर गेलं आणि जुन्या घड्याळांकडे गुंतवणूक म्हणून पाहणारा वर्ग जगभर वाढला. 2020 ते 2022 च्या सुरुवातीपर्यंत बाजार फुगला. पुढे बड्या नावांचे भाव उतरले, पण त्या उताराचा आपल्याकडच्या साध्या घड्याळांना फारसा फायदा झाला नाही. त्यात रुपया. दहा-बारा वर्षांपूर्वी साठ-पासष्ट रुपयांना मिळणारा स्विस फ्रँक आता शंभरीपार आहे. बाहेरून मागवलं तर आयात शुल्क आणि जीएसटी नुसत्या किमतीवर नाही, कुरिअर आणि विमा धरून लागतो, हेही बरेच जण विसरतात.

पण खरी वाढ झालीय ती घड्याळ चालतं ठेवण्याच्या खर्चात. स्वॅच ग्रुपने 2015 संपताना घाऊक व्यापाऱ्यांना सुटे भाग देणं थांबवलं. याच ग्रुपच्या ओमेगा, टिसो आणि मशीन्स (घड्याळाच्या आतली यंत्रणा) बनवणाऱ्या ईटीएचे भाग स्वतंत्र कारागिराला मिळणं तेव्हापासून अवघड होत गेलं. इकडे तालुक्याच्या गावात मशीन पूर्ण खोलून बसवणारे घडीसाजही कमी झाले. दुकानात आता सेल आणि पट्टेच जास्त विकले जातात. म्हणून घड्याळाचा भाव म्हणजे विक्रेता सांगतो तो आकडा, अधिक सर्व्हिसिंग, अधिक भाग. ही बेरीज झाल्याशिवाय स्वस्त-महाग ठरवताच येत नाही.

सर्व्हिसिंग कशाला म्हणतात तेही स्पष्ट हवं. मशीन न खोलता पेट्रोलमध्ये बुडवून काढायचं आणि वरून शिलाई मशीनचं तेल सोडायचं, हे 200-300 रुपयांत होतं. घड्याळ चार-सहा महिने छान चालतं. मग ते तेल पसरतं, धूळ धरतं, आणि धुळीची ती चिकट लुगदी चाकांच्या दांड्यांच्या टोकांना घासत राहते. टोकं झिजली की भाग बदलण्याशिवाय इलाज नाही. नीट कामात मशीन पूर्ण सुटं होतं, बॅरल म्हणजे मुख्य स्प्रिंगची डबी उघडून ती मेनस्प्रिंग बाहेर येते, ज्वेलची (दांड्यांची टोकं ज्यांत फिरतात त्या खड्यांची) भोकं लाकडी काडीने साफ होतात. मग बॅलन्स (मागे-पुढे झुलणारं चाक) आणि वेगवान चाकांना पातळ तेल, संथ चाकांना घट्ट तेल, चावीच्या यंत्रणेला ग्रीस. पॅलेट म्हणजे बॅलन्सला ठोके देणारा छोटा काटा, त्याच्या दांडीच्या टोकांना मात्र तेल देतच नाहीत. या कामाला साध्या चावीच्या घड्याळासाठी 1,000 ते 1,500 रुपये धरा, ऑटोमॅटिकला त्याहून जास्त. इथे घासाघीस करू नका. काम देताना एवढंच विचारा: मेनस्प्रिंग बाहेर काढणार का? उत्तर टाळलं तर दुसरा कारागीर पाहा.

आता निळं सी किंग. फॅक्टरीतून आलेल्या डायलवर साठ वर्षांत काही ना काही खूण पडतेच. तुमच्या विक्रेत्याचं डायल रंगवलेलं असण्याची शक्यता फार मोठी आहे. दहापट भिंगाखाली पाहा: अक्षरांच्या कडा फाटलेल्या किंवा जाड, मिनिटांच्या रेघा कमी-जास्त अंतरावर, 6 च्या खालची ‘स्विस मेड’ अक्षरं गायब किंवा तिरकी, मधल्या भोकाच्या कडेला रंगाचा थर. काट्यांकडेही लक्ष द्या. मिनिटकाटा मिनिटांच्या रेघांपर्यंत पोचला नाही तर तो दुसऱ्या घड्याळाचा असू शकतो. डायलमागचे पाय तोडून ते गोंदाने चिकटवलेलं असेल तर पुढे सरकतं आणि काटे अडतात. मागचं झाकण उघडल्यावर मशीनभोवती प्लास्टिकचं कडं दिसलं, तर मोठ्या केसमध्ये (घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या घरात) लहान मशीन बसवलेलं असू शकतं. फेवर ल्यूबाची 1962 ची पातळ मशीन्स दोन बॅरलची आहेत. त्यांच्यात मेनस्प्रिंगही दोन लागतात, म्हणजे स्प्रिंगचा खर्चही दुप्पट. केसवर आणि डायलवर काहीही लिहिलेलं असो, कॅलिबरचा (मशीनच्या प्रकाराचा) क्रमांक पुलावर, म्हणजे चाकांवरच्या धातूच्या पट्टीवर, किंवा बॅलन्स चाकाजवळ वाचा आणि त्याचे भाग मिळतात का हे खरेदीआधी कारागिराला विचारा.

4,500 च्या त्या घड्याळावर सर्व्हिसिंग 1,500, दोन मेनस्प्रिंग आणि काच मिळून आणखी 1,000 ते 1,500 गेले की ते सात ते साडेसात हजारांना पडलं, आणि विकायला काढलं तर रंगवलेल्या डायलमुळे तीन हजारही कठीण. त्यापेक्षा डागाळलेलं पण मूळ डायल असलेलं घड्याळ 8,000-9,000 ला घेतलेलं बरं.

एचएमटी घेताना जनता किंवा पायलटसारखं 0231 मशीनचं चावीचं घड्याळ घ्या. एचएमटीने 1961 मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळुरूत घड्याळं सुरू केली. त्या परंपरेतलं हे 17 ज्वेलचं, तासाला 18,000 ठोक्यांचं मशीन इतक्या संख्येने बनलं की भागांची चणचण नाही. भडक केशरी, पोपटी डायलचे ‘पायलट’ टाळा. ओळखीचा पायलट काळ्या डायलचा. जनताची केस पितळेवर क्रोमची असते. लगच्या (पट्टा अडकवायच्या कानांच्या) आतल्या बाजूला, जिथे घाम साचतो, तिथे पिवळं पितळ दिसतंय का पाहा. थोडं चालेल, खड्डे पडले असतील तर नको. नव्याने क्रोम करायला दिलं की आधी घासतात आणि लगच्या धारा जातात.

पैशांची वाटणी अशी करता येईल. एचएमटी 3,000, त्याची सर्व्हिसिंग आणि काच 1,400. फेवर ल्यूबा 9,000, त्यावर 2,500. झाले 15,900. भागांसाठी बंद पडलेलं एक 0231 मशीन हजार रुपयांत घेऊन ठेवा. भिंग, झाकण उघडायचा चाकू आणि हवेचा रबरी फुगा मिळून 1,500. उरलेले 6,600 सोवारसाठी राखा, तिसरं घड्याळ यंदा नको.

शोध घराजवळ सुरू करा. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपला मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता आणि नंतरही खरेदीसाठी हैदराबादचा रस्ता मोडला नाही. त्यामुळे नांदेड, परभणी, लातूरकडच्या जुन्या घरांत चांगली स्विस घड्याळं निघतात, आणि हैदराबादची सेइकोच्या सहकार्याने बनलेली ऑलविनही. ऑलविन अजून तुलनेने स्वस्त आहेत. कुणाच्या घरातून घेत असाल तर बाजारभाव त्यांना आधी सांगा. एखादा जुना घडीसाज दुकान बंद करत असेल तर त्याच्याकडचे सुट्या भागांचे डबे विचारा. त्यात स्टेम (चावीची दांडी), काचा, बॅलन्स स्टाफ (बॅलन्स चाकाची दांडी) असतात आणि आज तेच सगळ्यात दुर्मिळ आहे.

घेतल्यावर चाचणी अशी: पूर्ण चावी भरून डायल वर ठेवून 24 तासांचा फरक लिहा, मग चावी खाली येईल असं उभं ठेवून पुन्हा. दोन्ही फरकांत मिनिटाहून जास्त तफावत असेल तर बॅलन्सचं काम निघेल. घड्याळ एकदम दिवसाला पाच-दहा मिनिटं पुढे जायला लागलं तर खोलू नका, बहुतेक वेळा बॅलन्सची बारीक हेअरस्प्रिंग चुंबकीय झालेली असते आणि चुंबकत्व काढणाऱ्या डिमॅग्नेटायझरवर काही सेकंदांत काम होतं. कारागिराकडे टाइमग्राफर, म्हणजे घड्याळाची चाल मोजणारं यंत्र असेल तर अँप्लिट्यूड, म्हणजे बॅलन्स किती अंश झुलतो ते विचारा. पूर्ण चावीवर, डायल वर असताना 270 अंशांच्या पुढे उत्तम, 220 च्या खाली सर्व्हिसिंग हवीच.

आपल्या उन्हाळ्यात पारा 42 च्या वर जातो तेव्हा घड्याळ दुचाकीच्या डिकीत ठेवू नका, तेल पातळ होऊन जागा सोडतं. घाम रोज कोरड्या कापडाने पुसा. डायलवर वॉटरप्रूफ लिहिलेलं असलं तरी आतलं रबर कधीच कडक झालंय; पावसात काच धुरकट झाली तर त्याच दिवशी उघडून घ्या. एक रात्र गेली तरी स्टेमला गंज धरतो.

आजोबांच्या सोवारबद्दल. जुन्या सोवारमध्ये धक्क्यापासून बचावाची सोय नसेल, तर एकदा पडल्यावर बॅलन्स स्टाफचं टोक तुटतं. घड्याळ हळू फिरवून बॅलन्स कलून डुगडुगतोय का ते कारागिराला पाहायला सांगा. तसं असेल तर स्टाफ शोधणं किंवा लेथवर घडवून घेणं हाच मोठा खर्च आहे, त्याचा अंदाज घेऊनच बाकी कामाला हात घाला. काटे आणि आकडे तपकिरी-पिवळ्या लेपाचे असतील तर तो रेडियम असू शकतो. चमक गेली तरी किरणोत्सर्ग जात नाही, कारण रेडियमचं अर्धायुष्य 1,600 वर्षांचं आहे. घरी उघडू नका, लेप खरवडू नका, आणि कारागिरालाही देतानाच सांगा. डायल रंगवून घ्यायचं नाही, केस पॉलिश करायची नाही, हे पावतीवर लिहूनच घड्याळ दुकानात ठेवा.