स्टॉर्मचा एक्झॉस्ट: कुठला बोल्ट वाचवायचा, कुठला कापायचा

वेंगुर्ल्यातली तुमची जुनी सॅन स्टॉर्म गाडी, मॅनिफोल्डच्या (इंजिनातला धूर गोळा करून एक्झॉस्टच्या पाइपात सोडणाऱ्या भागाच्या) सांध्यातून फटफट आवाज, सायलेन्सरच्या बुडाची चाळण, आणि गॅरेजवाला म्हणतो, "गॅसने कापून टाकू, दोन तासांचं काम." होकार द्यावा का, असं विचारलंत. मागे सायलेन्सरकडे कापायला द्या, पण गॅसने नव्हे; पुढे मॅनिफोल्डकडे कापणं अजिबात नको.

माझीही स्टॉर्मच आहे, मालवणात. गोव्यात तयार झालेली, फायबर बॉडीची गाडी, म्हणून लोकांना वाटतं हिला गंजाची भीती नाही. बॉडीला नाही, एक्झॉस्ट लोखंडाचाच. खारा वारा बाहेरून खातो आणि पाणी आतून. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी वाफ होऊन निघतं. बाजारात जाऊन परत येण्याइतकीच गाडी चालवली तर सायलेन्सर पुरता तापत नाही, आणि ते पाणी त्याच्या पोटात साचून राहतं.

सायलेन्सरच्या फ्लेंजचे (पाइप जोडणाऱ्या चकतीचे) आरपार बोल्ट ग्राइंडरने बेधडक उडवा. पन्नास रुपयांच्या बोल्टसाठी अर्धा दिवस घालवू नका. पण गॅसची ज्योत तिथेही नको. वर फायबर आहे, बाजूने पेट्रोलची लाईन जाते. ग्राइंडरच्या ठिणग्यांसाठीही मध्ये पत्रा धरा, ओलं गोणपाट टाका आणि बादलीभर पाणी हाताशी ठेवा.

खरा जीव आहे तो मॅनिफोल्डच्या स्टडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या हेडमध्ये रुतवलेल्या, बिनडोक्याच्या आटेदार दांड्यांमध्ये. या रेनॉ इंजिनाचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं. स्टड आत तुटला की दोन तासांचं काम दोन आठवड्यांवर जातं. मी पहिल्यांदा लांब पाइप लावून पान्याला जोर दिला होता. कट्‌ असा आवाज आला, तो अजून कानात आहे. शेवटी बंदरावरच्या ट्रॉलरची इंजिनं खोलणाऱ्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने स्टडकडे बघून एवढंच म्हटलं, "घाय करू नको, मोडतलो तो." खाऱ्या पाण्यातली इंजिनं रोज खोलणाऱ्या माणसाला गंज कळतो, तुमच्याकडेही बंदरावर असा कोणीतरी असणारच, आधी त्याला गाठा.

त्याची पद्धत अशी. वायर ब्रशने आटे उघडे करायचे. इंजिन गार असताना गंज सोडवणारं तेल मारायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी पुन्हा मारायचं, असं तीन दिवस. तापलेल्या मॅनिफोल्डवर मारू नका, पेट घेतं. मग सहा कोनांचा सॉकेट बसवायचा. बारा कोनांचा गंजलेल्या नटाचे कोपरे खातो. आधी नट किंचित आवळायचा, मग सोडायचा, पाव फेरा पुढे, थोडा मागे, पुन्हा तेल. नटाबरोबर स्टडही फिरून बाहेर आला तर उत्तमच, तो तसाही बदलायचाच आहे.

तुटलाच आणि टोक बाहेर उरलं असेल, तर त्यावर नट ठेवून आतून वेल्ड करायचा. लाली उतरू द्यायची आणि हळूहळू फिरवायचा. वेल्डच्या उष्णतेनेच गंजाची पकड सुटते. त्याआधी बॅटरी सोडा, ईसीयूचा (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा) प्लग काढा. टोक आतच राहिलं तर मात्र हाताने ड्रिल धरू नका, बिट घसरून अ‍ॅल्युमिनियममध्ये जातं. हेड उतरवून लेथवाल्याकडे न्या.

नवीन नट पितळेचे घ्या, ते स्टीलच्या स्टडवर सहसा जाम होत नाहीत. झिंकचा मुलामा असलेले इथे घेऊ नका. झिंक ४२० अंशांच्या आसपास वितळतं. आट्यांना तांब्याचं ग्रीस लावा.

नवा पाइप बनवताना स्टेनलेस स्टील '३०४' जातीचं आहे याची खात्री करून घ्या. फॅब्रिकेशनच्या दुकानात स्टेनलेस म्हणून सर्रास '२०२' मिळतं आणि ते समुद्रकाठी लवकर डाग धरतं. जुना सडका पाइप फेकू नका, वाक मोजायला तोच साचा. गाडीखाली फक्त वेल्डिंगचे टाके मारायचे. पूर्ण वेल्डिंग पाइप खाली उतरवून. पाइप टांगणाऱ्या हँगरचे रबर नवीन टाका. जाड पाइप लावला की पॉवर वाढते, हे कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या. ११४९ सीसीचं इंजिन आहे.

शंभरेक किलोमीटर चालवल्यावर गाडी गार असताना नट पुन्हा तपासा. तेल मारायला आजच सुरुवात करा आणि कोपऱ्यातल्या स्टडचा जवळून फोटो पाठवा. आटे किती शिल्लक आहेत ते बघून पुढचं सांगतो.