शितावरून भाताची परीक्षा, पण भात अजून चुलीवर

ऑगस्टच्या मध्याला इंग्लंडातली फुटबॉलची प्रीमियर लीग सुरू झाली की आमच्या सदराची पेटी भरायला लागते. वीस टीम, प्रत्येकीच्या ३८ मॅच, सगळं संपणार थेट मे महिन्यात, पण आपल्या लोकांचे निकाल तिसऱ्या मॅचलाच लागलेले असतात. त्यातले काही प्रश्न यावेळी घेतलेत.

प्रश्न : मी कोल्हापूरचा. आमच्या टीमनं पहिल्या तिन्ही मॅच घालवल्या, टेबलात एकदम तळाला आहोत. पेठेतली पोरं रोज स्टेटस टाकून जीव खातात. टीम बदलू का सरळ?

अरे कोल्हापूरचा असून हे विचारतोस? तुमच्या तालमींच्या फुटबॉलमध्ये पाटाकडीलचा माणूस उद्यापासून खंडोबा तालमीला टाळ्या वाजवायला लागलेला बघितलायस का कधी शाहू स्टेडियमवर? मग झालं तर.

आणि तळाचं म्हणशील तर ऐक. २०२१ चं आर्सेनल आठव. ब्रेंटफर्डकडून ०-२, चेल्सीकडून ०-२, मग मँचेस्टर सिटीकडून ०-५. तीन मॅच, शून्य गुण, शून्य गोल, नंबर विसावा. तेव्हा मॅनेजर अर्टेटाला हाकला म्हणून केवढा गदारोळ होता. मे मध्ये तीच टीम पाचवी आली. पुढच्याच वर्षी मँचेस्टर युनायटेडची पाळी, पहिली मॅच घरच्या मैदानावर ब्रायटनसमोर घालवली आणि दुसरीत ब्रेंटफर्डनं ०-४ धुतलं, ते चारही गोल पहिल्या ३५ मिनिटांत, म्हणजे आपण चहा गरम करून येईपर्यंत कार्यक्रम आटोपला होता. मॅनेजर टेन हाग नुकतेच आलेले, बिचारे. शेवटी टीम आली तिसरी.

सगळ्यात कडेलोट म्हणजे २०१७ चं क्रिस्टल पॅलेस. सात मॅच, सात पराभव, आणि सातांत मिळून एकही गोल नाही. लीगच्या चार मॅच झाल्यावरच मॅनेजर डी बोअरना नारळ दिला, रॉय हॉजसन आले, आठव्या मॅचला गाठ पडली आदल्या वर्षीच्या चॅम्पियन चेल्सीशी आणि पॅलेसनं ती २-१ नं मारली. शेवटी अकरावे आले आरामात.

आता उलटंही सांगतो, तुझ्या स्टेटसवाल्या मित्रांना वाचून दाखव. २०२३ मध्ये टॉटनहॅमचे पहिल्या दहा मॅचमध्ये २६ गुण, पराभव एकही नाही, टेबलात पहिला नंबर, फॅन लोक गुडघ्याला बाशिंग बांधून तयार. अकराव्या मॅचला चेल्सीसमोर दोन रेड कार्ड आणि १-४. नंबर शेवटी पाचवा. तेव्हाचे टॉटनहॅमचे मॅनेजर पोस्टेकोग्लू, त्यांनाच २०२५ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टनं घेतलं आणि ३९ दिवसांत काढलं, एकही मॅच न जिंकता, तेही शेवटची मॅच संपल्यावर काही मिनिटांत. आणि २०१६ चं हल सिटी, कायमचा मॅनेजरसुद्धा नव्हता आणि पहिल्याच दिवशी चॅम्पियन लेस्टरला हरवलं, दुसरीही जिंकली, आणि मे मध्ये खालच्या डिव्हिजनला रवाना.

असं का होतं? एक तर पहिल्या चार-पाच मॅच कोणाशी पडतात हा नुसता नशिबाचा भाग. आर्सेनलला त्या वर्षी तीनात चेल्सी आणि सिटी दोन्ही पडले होते. दुसरं म्हणजे ट्रान्सफरची खिडकी (प्लेअर घ्यायची-विकायची मुदत) ऑगस्ट संपेपर्यंत उघडीच, म्हणजे टीम अजून बनतीये आणि आपण निकाल लावून मोकळे. २०२५ मध्ये न्यूकॅसलचा स्ट्रायकर इसाक पहिल्या तिन्ही मॅच खेळलाच नाही, शेवटच्या दिवशी १२.५ कोटी पौंडांना लिव्हरपूलला गेला. न्यूकॅसलच्या त्या तीन मॅचवरून काय डोंबल कळणार?

पण हां, ऑगस्टचे गुण मे मध्येही तेवढेच मोजतात, तेव्हा 'काही फरक पडत नाही' असंही कोणाला सांगत फिरू नकोस. २८ ऑगस्ट २०११ ला एकाच दिवशी सिटीनं टॉटनहॅमला ५-१ आणि युनायटेडनं आर्सेनलला ८-२ हाणलं होतं. सगळे म्हणाले, काय गोल चाललेत उगाच. सीझन संपला तेव्हा दोघांचेही ८९ गुण, आणि कप सिटीला मिळाला तो फक्त गोलफरकावर (मारलेले गोल वजा खाल्लेले), ६४ विरुद्ध ५६.

मी स्वतः आठ-दहा मॅच होईपर्यंत टेबल उघडत नाही. (खोटं. उघडतो. पण विश्वास ठेवत नाही.)

प्रश्न : ठाण्याहून लिहितेय. मुलगा बारावीला आहे, शनिवारी संध्याकाळी पाचला टीव्हीसमोर बसतो ते मध्यरात्रीच उठतो. एक मॅच दीड तासाची ना? मग हे काय चाललंय?

ताई, एक मॅच मध्यंतर धरून दोन तासांची, पण शनिवारी त्यांची तीन सत्रं असतात. तिथले साडेबारा म्हणजे आपले पाच, तिथले तीन म्हणजे आपले साडेसात, आणि तिथले साडेपाच म्हणजे रात्रीचे दहा. तिन्ही बघितल्या की बारा वाजलेच. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते लोक घड्याळं तासभर मागं घेतात, मग आपल्याकडे सगळंच तासभर उशिरा, म्हणजे रात्रीची मॅच अकराला सुरू. तेव्हा आत्ताच तह करून घ्या, शनिवारी एकच मॅच आणि ती त्यानं निवडायची. बहुतेक साडेसातची सोडेल, कारण त्या वेळी एकदम चार-पाच मॅच असतात आणि कुठलीच नीट बघून होत नाही. गणपतीत तर आरतीची वेळही तीच, ते भांडण आमच्या घरात दरवर्षी होतं.

प्रश्न : नोकरीसाठी इंग्लंडात, रेडिंगला आलोय. पुण्यातला भाऊ साडेसातची मॅच लाइव्ह बघतो आणि मला इथे, जिथे मॅच चाललीये तिथे, टीव्हीवर ती दिसतच नाही! सेट-टॉप बॉक्स खराब आहे का?

बॉक्स ठणठणीत आहे. तिथे शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात टीव्हीवर कुठलीच फुटबॉल मॅच लाइव्ह दाखवायची नाही असा जुना नियम आहे. १९६० च्या दशकात बर्नली क्लबचे चेअरमन बॉब लॉर्ड यांनी हे लावून धरलं, की मोठ्या टीमची मॅच घरबसल्या दिसली तर खालच्या डिव्हिजनच्या मैदानावर तिकीट काढून कोण जाईल? ते पटलं आणि अजून चालू आहे. बाहेरच्या देशांना तो लागू नाही म्हणून भावाची मजा. तुम्ही आता तिथेच आहात तर खरंच एखाद्या शनिवारी रेडिंगच्या मैदानावर जा की, नियम त्याचसाठी तर केलाय.

प्रश्न : ऑफिसच्या फँटसी लीगमध्ये (खऱ्या प्लेअरची आपली टीम करून त्यांच्या खेळावर गुण मिळवायचा ॲपवरचा खेळ) पहिल्या आठवड्यात शेवटून दुसरा आलो. चार प्लेअर बदलले, तर गुण अजूनच कमी झाले. काय चुकलं?

बदलले तेच चुकलं. फुकट बदल आठवड्याला एक, त्यावरच्या प्रत्येकाला चार गुण कापतात, म्हणजे साठवलेला बदल नसेल तर चार बदलांत बारा गुण तुम्ही मॅच सुरू व्हायच्या आधीच दान केले. आणि घेतलं कोणाला असेल तर आदल्या रविवारी ज्यानं दोन गोल मारले त्याला, सगळे तेच करतात. २०१९ मध्ये नॉर्विचच्या पुक्कीनं पहिल्या तीन मॅचमध्ये पाच गोल मारले, जो तो पुक्की घेऊन बसला, पण पूर्ण सीझनचे त्याचे गोल झाले अकरा आणि नॉर्विच सगळ्यात शेवटी. कधीकधी लागतंही, स्वानसीनं २०१२ मध्ये वीसेक लाख पौंडांत आणलेला मिचू पहिल्याच मॅचला दोन मारून गेला आणि शेवटी लीगमध्ये १८ गोलांवर थांबला. पण मिचू एखादाच. तुम्ही पंधरा जण नीट निवडलेत ना, मग निदान तीन आठवडे ॲपला हात लावू नका, कॅप्टन तेवढा दर वेळी विचार करून ठेवा, त्याचे गुण डबल होतात.

प्रश्न : आत्ता कुठे रंगात येत होतं तर सप्टेंबरात ब्रेक कशाला?

देशांच्या मॅच असतात, फिफाच्या नियमानं क्लबला प्लेअर सोडावेच लागतात. ब्राझील-अर्जेंटिनाचे लोक अर्धी दुनिया फिरून ऐन मॅचच्या तोंडावर परत येतात, त्यामुळे ब्रेकनंतरच्या शनिवारी पाचच्या मॅचमध्ये मोठी टीम पेंगलेली दिसली तर नवल नको. फँटसीवाल्यांनी कॅप्टन ठेवताना तेवढं बघा.