मैत्रिणीवर शूटिंगच्या युनिटमधल्या माणसानं जबरदस्ती केली, ती पोलिसात जायला तयार नाही. तिला कसं तयार करू?

तयार करू नका. आधी तिला विचारा, तुला आत्ता काय पाहिजे. झोपायला दुसरी खोली, घरी सोडायला कोणीतरी, काहीही असेल. तुम्ही लिहिलंय की ती दुसऱ्या दिवशी सेटवर गेली म्हणून युनिटमध्ये कोणाला खरं वाटत नाही, ते वाचून डोकं फिरलं म्हणून लिहायला बसले.

आमच्या गावात, फोंड्याकडे, देवळाच्या उत्सवात दोन रात्री नाटकं होतात, पुरुष गावचेच, नायिका नाईटवर बाहेरून आणतात. एका वर्षी आलेली बाई आमच्याकडेच उतरलेली. पहिलं नाटक सुटल्यावर पहाटे तोंडाचा रंग पुसता पुसता म्हणाली, वहिनी, उद्या मेकअपच्या खोलीत तुम्ही बसाल? एवढंच. मग हळूहळू कळलं की ती साडी बदलत असताना मंडळातला एक बडा माणूस आत घुसला होता आणि त्यानं काय केलं. दुसऱ्या रात्री मी दारातच खुर्ची टाकून बसले आणि तिनं स्टेजवर असं काम केलं की शिट्ट्या पडल्या. पुढे तिला विचारूनच मी मंडळात विषय काढला तर आमचे भावोजी म्हणतात, असं काही झालं असतं तर बाई दुसऱ्या रात्री हसत उभी राहिली असती काय! अहो, हसणं हेच तिचं काम, आणि अर्धं मानधन दुसऱ्या नाटकानंतर मिळायचं होतं. रडत बसली असती तर तुम्हीच पैसे कापले असते.

कोर्टातही हेच. 2021 साली म्हापशाच्या सेशन्स कोर्टानं एका गाजलेल्या केसमध्ये आरोपीला निर्दोष सोडलं (पत्रकारितेतली केस, सिनेमातली नव्हे), त्या निकालपत्रात तक्रारदार बाई नंतरच्या फोटोंत हसते यावरही लिहिलंय. राज्य सरकार त्याविरुद्ध हायकोर्टात गेलं. आणि केरळात सिनेमातल्या बायकांनी हेमा कमिटीपुढे (तिथल्या सिनेमातल्या बायकांचे प्रश्न बघायला सरकारनंच नेमलेली) सगळं सांगितलं, कमिटीनं रिपोर्ट डिसेंबर 2019 मध्ये सरकारला दिला, लोकांना वाचायला मिळाला ऑगस्ट 2024 मध्ये. म्हणून ‘बोल, बोल’ म्हणून तिच्या मागे लागू नका.

बाकी, युनिटमध्ये 10 किंवा जास्त माणसं असली तर तक्रार कमिटी असायलाच पाहिजे, नसली तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. लेखी तक्रारीला 3 महिने, कारण पटलं तर आणखी 3. पोलिसांचा रस्ता वेगळा, त्याला ही मुदत नाही. मेसेज डिलीट करू देऊ नका, तिचं नाव कुठल्याही ग्रुपवर टाकू नका.

आता जे आधी लिहायला हवं होतं ते: बलात्कार झाला असेल तर लगेच हॉस्पिटल, कपडे न धुता. सरकारी असो की खासगी, उपचार फुकट द्यावेच लागतात, एफआयआर नसली तरी. आणि मुलगी 18 च्या आतली असेल तर वर लिहिलेलं ‘तिला विचारा’ चालणार नाही, पॉक्सोखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) पोलिसांना कळवावंच लागतं. मी वकील नाही, एकदा वकिलाला विचारा.

आणि युनिटमध्ये जो कोणी ‘मग सेटवर कशी आली’ म्हणतोय ना, त्याला विचारा, त्या दिवसाचे पैसे तू देणार होतास काय? भावोजींना मी हेच विचारते, दर चतुर्थीला. आरतीची वेळ झाली म्हणून उठतात.