घरच्या नेटवर्कवर सगळीकडे एकच पासवर्ड आणि थेट रूट लॉगिन ठेवलं तर काय बिघडतं?

तुम्ही लिहिलंय की घरात चार लिनक्स मशीन्स आहेत, देखभाल करणारे तुम्ही एकटे, आणि दर वेळी पासवर्ड टाकून वैताग येतो. म्हणून चारही ठिकाणी एकच छोटा पासवर्ड ठेवलाय, शिरताना थेट रूटनेच, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्यानंच, शिरता. घरचंच तर नेटवर्क आहे, चोर येणार कुठून? मीही दोन वर्षं असंच चालवलं. चोर काही आला नाही. आला तो माझा पुतण्या.

आमचं गाव दारव्हा तालुक्यात. ओसरीत जुना डेस्कटॉप, माझ्याकडे लॅपटॉप, माडीवर फोटो आणि सातबाऱ्याचे स्कॅन ठेवायचं एक मशीन, आणि गावाबाहेरच्या गोठ्यात कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारा रास्पबेरी पाय नावाचा छोटा संगणक. गच्चीवर आणि गोठ्यावर एकेक अँटेना बसवून नेट तिथपर्यंत नेलंय. सोय म्हणून मी सगळीकडे एसएसएच की (दुरून मशीनमध्ये शिरायची डिजिटल किल्ली) टाकली होती, तीही बिनपासफ्रेजची, म्हणजे तिला स्वतःचा पासवर्ड नसलेली, आणि सुडोलाही (रूटच्या अधिकारानं आज्ञा चालवायची सोय) पासवर्ड विचारायचा नाही असं सांगून ठेवलं होतं. ही की ओसरीतल्या डेस्कटॉपवरही होती, कारण संध्याकाळी तिथंच बसून कामं उरकायचो. त्याच डेस्कटॉपवर गल्लीतली पोरं शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायला बसतात.

एक दिवस टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडं राहिलं. पुतण्यानं वरचा बाण दाबला, त्यानं शेवटची आज्ञा परत समोर आली, आणि एंटर मारला. आदल्या दिवशी लाइन जायच्या आधी, मेमरी कार्ड खराब होऊ नये म्हणून, मी गोठ्यातला पाय बंद करायची आज्ञा दिली होती. तीच पुन्हा चालली. दुरून बंद केलेला पाय दुरून चालू होत नाही. जुलै महिना, रात्रीचे साडेनऊ, आणि आमची काळी माती! चप्पल हातात घेऊन गेलो. परत आलो तर आई म्हणते, "काऊन रे, तुया कम्प्युटरले कुलूप नाई काय?"

कुलूप होतं. किल्ली ओसरीतल्या खुंटीला टांगलेली होती.

त्यानंतर मी सोय कमी केली नाही, तिची दिशा ठरवली. आता फक्त लॅपटॉपवरून बाकीच्या मशीन्समध्ये जाता येतं. ओसरीतल्या डेस्कटॉपवरून कुठंच नाही. लॅपटॉपची डिस्क एन्क्रिप्ट केलेली आहे. की ईडी25519 प्रकारची, तिला लांबलचक पासफ्रेज. सकाळी एकदा टाकतो, मग एसएसएच-एजंट नावाचा प्रोग्राम ती की लॅपटॉप बंद होईपर्यंत धरून ठेवतो. म्हणजे पूर्वी शून्य वेळा टाकायचो, आता दिवसातून एकदा. पासफ्रेजसाठी आपल्या वऱ्हाडीतलं पाच-सहा शब्दांचं एखादं बिनडोक वाक्य घ्या. लक्षात राहतं, आणि कुठल्या तयार यादीत सापडायची शक्यता कमी.

बाकी मशीन्सवर रूटचं लॉगिन आणि पासवर्डनं लॉगिन दोन्ही बंद. पण बंद करण्याआधी दुसऱ्या खिडकीतून की चालते का ते बघून घ्या आणि पहिली खिडकी तोवर मिटू नका. नाहीतर मॉनिटर डोक्यावर घेऊन गोठ्यात जायची पाळी येते.

रूट का नको, तर कोणी काय केलं याची नोंद राहते म्हणून, असं पुस्तकी उत्तर मिळेल. एकट्या माणसाच्या घरात त्यात फारसा दम नाही. खरा उपयोग हात चुकल्यावर होतो: सुडो पासवर्ड मागतो तेवढ्या दोन सेकंदांत माणूस भानावर येतो. उबुंटूवर एकदा दिला की त्या टर्मिनलला 15 मिनिटं पुन्हा विचारत नाही, तेवढं पुरतं. बिनपासवर्डची सूट मी एकाच आज्ञेला ठेवली, कॅमेऱ्याची सेवा पुन्हा सुरू करायला. पॅकेज टाकायच्या आज्ञेला ती देऊ नका, तिच्यातून पुरतं रूट मिळवता येतं. सुरक्षेचे अपडेट आपोआप होऊ द्या.

आता तुमचं 'घरचंच नेटवर्क'. मुलाच्या मित्रांना, पाहुण्यांना, लग्नाच्या वेळी मांडववाल्याला, कुणाकुणाला वाय-फायचा पासवर्ड दिलाय ते आठवून बघा. आमच्याकडे अर्धी गल्ली होती. राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं वाय-फाय चालू करा आणि घरचा पासवर्ड बदला. कॅमेऱ्याचा आणि राउटरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड तर आजच बदला. 2016 मध्ये मिराई नावाच्या मालवेअरनं असेच ठरलेले साठेक पासवर्ड लावून जगभरातले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. पासवर्ड ओळखायला त्याला कुणाचं डोकं लागलं नव्हतं.

बाहेरगावाहून घरच्या मशीनमध्ये शिरायचं असेल तर राउटरमध्ये एसएसएचचा पोर्ट, म्हणजे बाहेरून थेट आत यायचं दार, उघडू नका. वायरगार्ड (घरच्या नेटवर्कपर्यंतचा एन्क्रिप्ट केलेला बोगदा, म्हणजे व्हीपीएन) वापरा, 2020 पासून तो लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यातच, आहे. सिमवरच्या नेटला बहुधा बाहेरून थेट गाठता येईल असा स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसतो, तिथं तसा पत्ता नसतानाही मशीन्स जोडून देणारी टेलस्केलसारखी सेवा लागेल.

पोर्ट नंबर बदलणं, दर महिन्याला पासवर्ड बदलणं, याचा नाद घरात सोडा. प्रत्येक मशीनचा पासवर्ड मात्र वेगळा ठेवा आणि खुशाल वहीत लिहा. माझी वही आलमारीत सातबाऱ्यासोबत असते. उद्या मी दवाखान्यात असलो तर भावाला ती सापडली पाहिजे.

सुरुवात त्या मशीनपासून करा जिथं घरातले सगळे बसतात. तिथली की पुसा, आणि बाकीच्या प्रत्येक मशीनवरच्या ऑथराइज्ड-कीज फाइलमधून (कुठल्या किल्लीला आत सोडायचं त्याची यादी) तिची ओळही काढा. नुसती इकडची फाइल पुसून भागत नाही. एखाद्या पेनड्राइव्हवर तिची कॉपी असेल, तर ती चालतच राहते.